बाईंच्या खोलीची तपासणी

नोकरी करणाऱ्या मुलींच्या त्या वसतिगृहात अठ्ठेचाळीस पलंग होते, आणि अठ्ठेचाळीसही गाद्यांच्या शिवणी वॉर्डनबाईंना तोंडपाठ होत्या. फुगवून सांगत नाही हो. कुठल्या गादीचा कोपरा उसवलाय, कुठल्या पलंगाचा स्क्रू ढिला आहे, कुठल्या उशीवर चहा सांडला होता, हे बाई झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायच्या. दर शनिवारी सकाळी त्यांची फेरी निघायची. हातात टॉर्च, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, आणि मागून धापा टाकत चादरी ओढणारी स्वयंपाकाची मावशी. मुलींनी त्यांचं नाव भिंगबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आतून आवडतही होतं.

या सगळ्या खटाटोपाचं कारण एकच, ढेकूण. बाई इथं रुजू झाल्या तेव्हा ढेकणांनी उच्छाद मांडला होता. मुली खाजवून खाजवून रडकुंडीला यायच्या, निम्मे पलंग रिकामे पडले होते. बाईंनी पदर खोचला. गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळल्या, भिंतींच्या भेगा स्वतःच्या हातानं लांबी भरून बुजवल्या. वर्षभरात वसतिगृह स्वच्छ झालं. मालक चार लोकांत सांगायचे, "आमच्या बाई आहेत म्हणून हे हॉस्टेल आहे." अशा वेळी बाई मान खाली घालायच्या, पण कान तिकडेच असायचे.

मग बाईंनी दोन नियम केले. पहिला, नव्या मुलीची बॅग थेट वर न्यायची नाही. आधी दोन दिवस ती बाईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी राहणार. बाई सवडीनं तिची चेन न् चेन, शिवण न् शिवण बघणार आणि मगच ती वर जाणार. दुसरा नियम साधा होता. जिच्या अंगावर चट्टे, तिनं ढेकूण आणले. "ते मेले कुठंही लपू देत," बाई म्हणायच्या, "चट्टा काही लपत नाही." आणि स्वतःचे गोरे, स्वच्छ हात कोपरापर्यंत उघडे करून दाखवायच्या. "बघा. नऊ वर्षांत एक ठिपका नाही."

सगळ्यांना पटायचं. न पटायला काय झालं? कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही, की अठ्ठेचाळीस पलंग बघणाऱ्या बाईंचा एकोणपन्नासावा पलंग कोण बघतं.

खारूताई आली ती अशा या घरात. हेही मुलींनीच ठेवलेलं नाव. बुटकी, चपळ, खिशात कायम शेंगदाणे. घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानात ती काम करायची. बारीक चिमटा घेऊन दिवसभर चाकं उचलायची आणि बसवायची. बॅग दोन दिवस बाईंकडे ठेव म्हटल्यावर तिनं हूं की चूं केलं नाही. उलट, "चांगली पद्धत आहे बाई," म्हणाली. बाईंना पोरगी आवडली होती, हे लक्षात ठेवा. आवडली होती म्हणून पुढचं जास्त लागतं.

तीनेक आठवडे गेले असतील. एका सकाळी खारूताई आपणहून बाईंकडे आली. बाही वर करून म्हणाली, "बाई, मला वाटतं माझ्या पलंगात काहीतरी आहे. हे बघा ना." मनगटापासून वर एका ओळीत तीन लाल चट्टे होते, मानेवर दोन होते. आता दुसरी कुणी असती तर लांब बाह्या घालून गप्प बसली असती. ही सांगायला आली. या पोरीचा गुन्हा काय तो एवढाच.

बाईंनी तिला नाश्त्याच्या वेळी जेवणघरात उभं केलं. सगळ्या मुली होत्या, कुणाच्या हातात पाव, कुणाच्या हातात कप. "बाह्या वर कर," बाई म्हणाल्या. तिनं केल्या. मग तिच्या खोलीतल्या तिघींना बाह्या वर करायला लावल्या. तिघींचे हात स्वच्छ. "चौघी एका खोलीत झोपता. तिघींना काही नाही आणि हिला एकटीला. मग आणले कुणी? मी आणले?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"बाई, बॅग तर तुम्हीच बघितली होती," खारूताई हळूच म्हणाली.

"अंडी असतील. ती काय दिसतात? घरी अंथरूण कसं ठेवता तुम्ही लोक, देव जाणे." हे शेवटचं वाक्य बाईंनी उगाच जोडलं. गरज नव्हती. पण तोंड एकदा सुटलं की सुटलं.

पोरीचा चेहरा इतकासा झाला. "चुकून आले असतील बाई. मला खरंच माहीत नाही," एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माफी मागितली. मावशीनं तिची गादी जिन्यावरून फरफटत खाली नेली आणि अंगणात टाकली. दुपारच्या आत खारूताई तीन गाठी मारलेल्या पिशव्या घेऊन फाटकाबाहेर गेली. शेजारची मुलगी तिच्याकडून पुस्तक परत घेताना रुमालात धरून घेत होती. बाईंनी ते पाहिलं, आणि मनात म्हणाल्या, शहाणी आहे.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या बाई कसल्या! त्यांनी शहरातल्या आणखी दोन वसतिगृहांना फोन केले. "एक मुलगी येईल तुमच्याकडे. घड्याळाच्या दुकानात आहे. जरा बघून घ्या, काय?" आणि फोन ठेवून, कर्तव्य केलं म्हणून, एक कप चहा प्यायल्या.

पाच महिन्यांनी पुन्हा चट्टे निघाले. या वेळी एका खोलीत नाही, तीन खोल्यांत, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर. बाईंच्या नियमानं तिघींना हाकलायला हवं होतं. पण मालकांना फोन गेला होता. त्यांनी थेट एक फवारणीवाले पाठवून दिले.

साठीचे गृहस्थ. खाकी सदरा, खिशात जुनी पत्त्याची कार्डं. फवारणीवाले म्हटल्यावर बाईंना वाटलं, पाठीवर टाकी घेऊन येतील आणि सगळीकडे धुरळा उडवतील. पण काकांनी टाकी गाडीतच ठेवली. ते पलंगाशी गुडघे टेकून बसायचे आणि जाड कार्डाची कड गादीच्या शिवणीतून सावकाश फिरवायचे. मग कार्ड डोळ्याशी धरायचे. स्क्रूच्या भोकात टॉर्च मारायचे. पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीपासून सोडवून मागून बघायचे. "आधी शोधायचं," म्हणाले. "न शोधता फवारलं की हे पळतात. आज एका खोलीत असतात, उद्या चार खोल्यांत."

बाईंना माणूस पटला. आपल्यासारखाच काटेकोर, त्यांना वाटलं.

तिन्ही खोल्या बघून झाल्यावर काका जिन्याच्या पायरीवर बसले. "गंमत आहे बाई. शेजारच्या खोल्या असत्या तर समजलं असतं, भिंतीतून गेले म्हणून. पण एक तळमजला, एक दुसरा, एक तिसरा. मधल्या सगळ्या खोल्या स्वच्छ. या तिघी मैत्रिणी आहेत का?"

"छे. एकमेकींना ओळखत पण नाहीत नीट."

"मग तिघींमध्ये सारखं काय आहे?"

बाईंनी विचार केला. "काही नाही. हां, तिघी या वर्षी आल्या."

"आल्यावर कुठं राहिल्या? थेट वर गेल्या?"

"त्या गेल्या. बॅगा नाहीत. बॅगा मी दोन दिवस माझ्याकडे ठेवते. तपासायला." हे त्या नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या. वाक्य संपलं, आणि काकांनी मान वळवून बाईंच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तुमची खोली बघू का?" काकांनी विचारलं.

"माझी? अहो, माझ्या खोलीत कुठले? हे बघा." आणि बाईंनी सवयीनं बाह्या वर केल्या.

"हातावरून नाही कळत," काका म्हणाले. "गादीवरून कळतं."

बाईंच्या खोलीत दुपारचं चांगलं ऊन आलं होतं. लपायला काही जागा नव्हती, बाईंनाही नव्हती. काकांनी चादर काढली, गादीचा डोक्याकडचा कोपरा उचलला आणि म्हणाले, "टॉर्च धरा." बाईंनी टॉर्च धरला. शिवणीच्या दुमडीत काळे ठिपके होते. शाईच्या पेनाची निब टेकवत गेल्यासारखे, ओळीनं. मध्ये पिवळट, पोकळ कात पडली होती. काकांनी कार्ड फिरवलं तशी दोन-तीन तपकिरी, चपटी भुतं उजेडाला बिचकून पळाली. फळीमागं तर बघवत नव्हतं. मोठे, पिल्लं, पांढरी अंडी, सगळं खटलं.

"जुनं बिऱ्हाड आहे," काका म्हणाले. "वर्ष झालं असेल. कुठल्या तरी बॅगेतूनच आले असतील आधी. आणि मग इथून प्रत्येक नव्या बॅगेतून वर गेले."

"पण मला चावत नाहीत!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"चावतात की. रोज चावतात. तुमच्या अंगावर उठत नाही, एवढंच. पुष्कळांच्या उठत नाही. एका खोलीत चौघी झोपल्या तर चौघींना चावतात, आणि उठतं एकीच्या. तिच्यामुळं कळतं तरी. ती बोलली नाही तर कुणाला कळणारही नाही."

बाई पलंगाच्या कडेवर बसायला गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बसणार कुठं? त्यांच्या डोळ्यांसमोर जेवणघर आलं. वर केलेल्या त्या बाह्या. चांगली पद्धत आहे बाई, म्हणणारी ती पोरगी. जिनं सांगितलं तिलाच आपण हाकललं. आणि आणले कुणी, तर आपण. मी आणले का, असं सगळ्यांसमोर विचारून मोकळ्या झालो होतो. हो, तूच आणलेस, भिंगबाई. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता इथं बाईंनी काय करायला हवं होतं, ते सांगायला पंडित नको. पण माणसाचं मन फार पळपुटं असतं हो. बाई काकांना काय म्हणाल्या? म्हणाल्या, "कुणाला बोलू नका."

काकांनी कार्ड पुसून खिशात ठेवलं. "माझं काम मारायचं. बोलायचं नाही." दाराशी जाऊन ते थांबले. "पण कुणी मुलगी यापायी गेली असेल इथून, तर तिला सांगा. अशी माणसं फार मनाला लावून घेतात."

"हो हो, बघते," बाई म्हणाल्या.

आणि दोन महिने त्यांनी काहीच बघितलं नाही. खोलीला रंग द्यायचाय असं सांगून त्या आठवडाभर कार्यालयात झोपल्या. काका वाफेचं यंत्र घेऊन तीनदा आले, वरच्या खोल्याही साफ केल्या, बाईंची गादी झाकून मागच्या दारानं गेली. कपडे कडक उन्हात तापवून, गरम पाण्यातून काढून, गाठी मारलेल्या पिशव्यांत भरले. अगदी तशाच पिशव्या. पलंगाच्या चारी पायांखाली काकांनी गुळगुळीत वाट्या ठेवल्या, चढणारा उतरणारा त्यात पडावा म्हणून. पहिल्या आठवड्यात सात पडले, मग दोन, मग एकही नाही. ढेकूण गेले. बाईंच्या जिवाला लागलेलं काही गेलं नाही.

शनिवारची फेरी चालू होती, पण बाईंची नजर मुलींच्या नजरेला भिडेना. एखादी म्हणायची, "बाई, ती खारूताई गेली ते बरं झालं, नाहीतर तीन खोल्यांवर थांबलं नसतं." तेव्हा बाई हातातल्या टॉर्चचं बटण उगाच दाबून बघायच्या. रोज ठरवायच्या, उद्या सांगू. उद्या आला की वाटायचं, आता सांगून काय होणार, ती कुठंतरी लागली असेल मार्गाला. नऊ वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत घालायचं का? असं मनाला समजवायच्या आणि मन काही समजायचं नाही.

मावशीला सगळं कळलं होतं. एक दिवस भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "रंग दिला म्हणताय खोलीला, पण वास नाही आला रंगाचा."

बाईंनी एक जुडी पुढ्यात ओढली.

"तुमच्या चादरीवर लाल ठिपके असायचे. वर्ष झालं, मीच धुते ना. मला वाटलं, नाकातून रक्त येतं की काय बाईंच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बोलायची कुणाची छाती आहे?" मावशी म्हणाली. "आणि त्या पोरीची गादी मीच ओढली की जिन्यावरून. माझे हात काय धुतलेत?" तिनं डोळ्याला पदर लावला. कांदा नव्हता हो, पालेभाजी होती.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. बाई सकाळी जेवणघरात आल्या तर गलका चाललेला. मध्ये नवी मुलगी उभी, न्हाणीघरात मोठ्यानं गाणी म्हणायची म्हणून जिला सगळ्या गाणारी म्हणायच्या ती. दोघींनी तिचे हात धरून बाह्या वर सरकवल्या होत्या. दंडावर मोठे, पसरट, लाल चट्टे. भिंतीशी तिचं सामान तीन पिशव्यांत, वर घट्ट गाठी.

"बाई, या," एक मुलगी उत्साहानं म्हणाली. "हिच्या अंगावर निघालेत. आम्हीच सामान बांधलं. तुमचं काम हलकं केलं."

गाणारी हमसून हमसून रडत होती. "पित्त आहे हो माझं. लहानपणापासून उठतं."

तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळ्या बाईंकडं बघत होत्या, शाबासकीसाठी. हे आपणच शिकवलं, बाईंच्या मनात आलं. टॉर्च धरायला नाही शिकवलं, गादी बघायला नाही. पोरीचे हात धरायला शिकवलं.

"सोडा तिचे हात," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "सोडा म्हणते ना! तिचा पलंग बघितला कुणी? गादीची शिवण उचलून? नाही ना? आधी गादी बघायची असते. अंगावरून काही कळत नाही."

"पण बाई, तुम्हीच तर…"

"मीच. मीच म्हणत होते, आणि मी चूक होते." बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "या घरात ढेकूण होते ते माझ्या खोलीत. वर्षभर. माझ्या गादीत, माझ्या फळीमागं. तुमच्या बॅगा मी माझ्याशेजारी ठेवायचे, तिथून ते वर आले. खारूताईनं आणले नव्हते. तिला माझ्याकडून मिळाले. तिनं येऊन मला सांगितलं, आणि मी तिला इथं उभं केलं. इथंच." मग टेबलाची कड सोडून म्हणाल्या, "मला हे दोन महिने माहीत आहे."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर परवडलं असतं. गाणारीचे हात केव्हाच सुटले होते. रुमालात पुस्तक धरणारी ती मुलगी खाली बघत उभी होती. शेवटी तिनंच विचारलं, "मग बाई, ती आता कुठाय?"

बाईंना माहीत नव्हतं. सात महिने झाले होते, आणि त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

त्याच दिवशी बाईंनी त्या दोन वसतिगृहांना फोन केले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, "हो, आली होती एक. परत पाठवली, तुम्ही सांगितलं होतंत ना." दुसऱ्या ठिकाणच्या वॉर्डन हसल्या, "अहो, जाऊ द्या की. इतक्या दिवसांनी कोण विचारतंय?" "मी विचारतेय," बाई म्हणाल्या. "माझी चूक होती, असं लिहून घ्या. तिच्यात काही नव्हतं."

मग त्या घड्याळाच्या दुकानात गेल्या. मालकानं चष्म्यावरून बघितलं आणि वरच्या दिशेनं बोट केलं. दुकानावरच्या माळ्यात राहत होती ती. दुसरीकडे कुठं खोली मिळाली नाही म्हणून त्यानंच दिला होता.

लाकडी जिना चढून बाईंनी दार वाजवलं. दार अर्धं उघडलं. खारूताईच होती, पण कोण रोडावली होती! केस कानापर्यंत कापलेले. बाईंना बघून ती मागं सरली नाही, उलट दारातच आडवी उभी राहिली.

"आत नका येऊ बाई. तुमच्या कपड्यांना लागून परत हॉस्टेलात जातील."

तिच्या खांद्यावरून बाईंना खोली दिसली. गादी नाहीच. फळ्यांचा उघडा पलंग, भिंतीपासून हातभर ओढलेला, त्यावर एक पांढरी चादर. चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. कपडे पारदर्शक पिशव्यांत, प्रत्येकीला गाठ. खिळ्याला टॉर्च टांगलेला. भिंतीतली एकूण एक भेग साबणानं बुजवलेली. बाईंनी नऊ वर्षांत स्वतःच्या खोलीत जे केलं नव्हतं, ते या पोरीनं या एवढ्याशा माळ्यात केलं होतं.

"सापडले का कधी इथं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"नाही. रोज बघते. पण माझ्या अंगावर असतील ना. मधे दोन चट्टे उठले होते. दुकानातले म्हणाले डास आहेत. पण मला माहीत आहे ना." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. "म्हणून केस पण कापले."

"अंगावर नाही राहत ते," बाई म्हणाल्या. "केसात तर नाहीच नाही. ऐक माझं. तू आणले नव्हतेस. माझ्या खोलीत होते. तुझी बॅग माझ्या पलंगाशेजारी ठेवली, तिथून तुझ्याकडे आले. मी तुला सगळ्यांसमोर बोलले, तुझ्या घरच्यांना बोलले, ते खोटं होतं. आज जेवणघरात सगळ्यांना सांगून आलेय. तुझी माफी मागायला आलेय."

खारूताईनं मान हलवली. "तुम्ही माझं मन राखायला म्हणताय. तुमच्या अंगावर तर कधी एक ठिपका नव्हता."

बाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. काळे ठिपके, फळीमागची अंडी, काकांचं कार्ड, मावशीनं धुतलेल्या चादरी. लाज वाटेल ते सगळं सांगितलं, एकही गोष्ट झाकली नाही. सांगता सांगता त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. पोरगी दाराला टेकून ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. बाईंना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर अंगावर धावून येईल. यांतलं काहीही चाललं असतं.

"म्हणजे मी बाळाला घेतलं असतं," ती म्हणाली, "तरी काही झालं नसतं?"

"कुठलं बाळ?"

"ताईचं. मी इथं आले त्याच आठवड्यात झालं. मी दारातूनच बघते. ती म्हणते, घे ना गं मावशे, आणि मी म्हणते हात खराब आहेत, सर्दी आहे, घाईत आहे. दर वेळी काहीतरी सांगते. ताई आता म्हणतच नाही. तिला वाटतं मला आवडत नाही तो."

"काही झालं नसतं," बाई म्हणाल्या. "तू पहिल्या दिवशी घेतलं असतंस तरी काही झालं नसतं. आत्ता जा. मी येते तुझ्याबरोबर, तुझ्या ताईला मी सांगते सगळं."

पण ती हलली नाही. कसला तरी हिशोब करत असल्यासारखी बोटांकडं बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, एवढंच म्हणायचं होतं.

"दोन महिने झाले."

"दोन महिने," खारूताई म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी तो कुणाकडेही जायचा. दूधवाल्याकडे पण हात पसरायचा. आता माणसं ओळखायला लागलाय." तिनं एकदम तोंड फिरवलं. "परवा मी दारात उभी राहिले, तर मला बघून रडायला लागला."

बाई पायरीवर तशाच बसून राहिल्या, आणि खाली दुकानात कुणीतरी घड्याळाचा भाव विचारत होतं.